कंडक्टरच्या हातातला संगणक आणि त्याची दारे



आषाढी एकादशी पार पडली आहे. द्वादशीची सकाळ आहे. पंढरपुरात आलेले लाखो वारकरी आता परतीच्या वाटेला लागले आहेत. बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नाही. शहराबाहेर यात्रेपुरती जी तात्पुरती स्थानके उभारलेली असतात, तेथेही तीच गर्दी. वरून पावसाची भुरभुर चालू आहे. सोलापूरकडे निघालेल्या एस.टी.त कंडक्टर माणसांमधून वाट काढीत तिकिटे देत आहेत. त्यांच्या खांद्याला नाण्यानोटांची पिशवी आहे आणि हातात कंपासपेटीहून थोडेसे मोठे असे एक यंत्र आहे. चारदोन बटणे दाबली, की यंत्राच्या वरच्या तोंडातून तिकिटाची पट्टी सरसर बाहेर येते.

तुमच्या आईवडिलांना विचारा. त्यांच्या लहानपणी हे यंत्र नव्हते. रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या भरलेली पत्र्याची पेटी आणि टिकटिक वाजणारा पंच हीच कंडक्टरची ओळख होती. आज त्या पेटीचे काम हे छोटे यंत्र करते. ते टप्पे मोजते, भाडे काढते, तिकीट छापते आणि दिवसभराचा हिशेब लक्षात ठेवते. म्हणजे हा हातात मावणारा संगणकच झाला.

आता कल्पना करा, भर गर्दीत हे यंत्र बंद पडले. मग राखीव कागदी तिकिटे काढा, भाड्याचा तक्ता पाहा, सवलतीचा हिशेब तोंडी करा आणि संध्याकाळी एकेक पैसा जुळवा. तोवर सगळी गाडी खोळंबणार. असे यंत्र बंद पडते तेव्हा आपण म्हणतो, ‘संगणक बिघडला.’ पण पुष्कळदा संगणकाचा मेंदू धडधाकट असतो. बिघाड असतो तो चार्जिंगची पिन जेथे बसते त्या बोटाच्या नखाएवढ्या खाचेत!

या खाचेला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ‘पोर्ट’.  आपण तिला यंत्राचे दार म्हणू. अशा यंत्राला दारे किती असावीत, कोणती असावीत आणि ती कोणी व कशी ठरवावीत, हा आजच्या पाठाचा विषय आहे. समजा, पंढरपूरच्या कंडक्टरसाठी नवे यंत्र बनवायचे आहे आणि त्याची दारे निवडण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. चला तर, पायरीपायरीने विचार करू.

दारातून जाते काय?

यंत्र कोणतेही असो, त्याच्या दारातून दोनच गोष्टी ये-जा करतात. एक शक्ती, म्हणजे वीज. आणि दुसरी माहिती. प्रथम या दोन्हींची गरज मोजावयास हवी. मोजल्याशिवाय निवड करणे म्हणजे पायाचे माप न घेता चपला आणण्यासारखे आहे.

माहितीपासून सुरुवात करू. एका तिकिटाची नोंद म्हणजे कोठून, कोठवर, किती माणसे, किती पैसे आणि किती वाजता, एवढेच. ती १०० बाइटमध्ये सहज मावते, असे धरू. दिवसाला ४०० तिकिटे दिली, तर ४०,००० बाइट झाले. जुन्या पद्धतीच्या साध्या तारेतून सेकंदाला १,१५,२०० बिट जात असत आणि एका बाइटसाठी १० बिट खर्ची पडत. म्हणजे साऱ्या दिवसाचा हिशेब पाठवावयास लागले ४,००,००० भागिले १,१५,२००, म्हणजे साडेतीन सेकंद! तेव्हा ‘अतिवेगवान पोर्ट’ अशी जाहिरात वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. आपल्या कामात वेग हा निकषच नाही.

उलट दिशेनेही माहिती जाते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एस.टी.च्या भाड्यात ५० टक्के सवलत सुरू झाली. असा निर्णय झाला, की प्रत्येक यंत्रातील भाड्याचा तक्ता बदलावा लागतो. एकही यंत्र मागे राहून चालत नाही. नाही तर एका गाडीत अर्धे तिकीट आणि दुसरीत पूर्ण, असा गोंधळ होईल. म्हणजे माहितीसाठी दार वेगवान नसले तरी चालेल, पण ते भरवशाचे हवे.

आता शक्तीचा हिशेब पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. यंत्रात ३.७ व्होल्टची आणि २.६ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आहे. दोहोंचा गुणाकार केला, की तिच्यातील ऊर्जा मिळते : सुमारे ९.६ वॅट-तास. पडदा आणि आतील मंडले मिळून सरासरी ०.६ वॅट खातात. तिकीट छापण्यास शाई लागत नाही. बारीक बारीक तापणारे ठिपके उष्णतेला संवेदनशील असलेल्या कागदावर अक्षरे उमटवतात. तापवायचे म्हटले, की वीज जास्त लागणार. समजा, एका तिकिटाला २ सेकंद १० वॅट, म्हणजे २० ज्यूल ऊर्जा लागते.

एरवीच्या दिवशी १० तास काम आणि १५० तिकिटे. ०.६ गुणिले १० म्हणजे ६ वॅट-तास. छपाईला ३,००० ज्यूल. ३,६०० ज्यूल म्हणजे एक वॅट-तास, म्हणून हे झाले सुमारे ०.८ वॅट-तास. एकूण ६.८. बॅटरीत ९.६ आहेत, काम निभावले.

यात्रेच्या दिवशी १४ तास काम आणि ४०० तिकिटे. ०.६ गुणिले १४ म्हणजे ८.४. छपाईला ८,००० ज्यूल, म्हणजे २.२. एकूण १०.६ वॅट-तास. बॅटरीत मात्र ९.६ च! नेमका एक वॅट-तास कमी पडला. वर्षातील बाकी दिवस ठीक चालणारे यंत्र ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच दिवशी संध्याकाळी डोळे मिटणार.

उपाय काय? गाडी चहापाण्याला १५ मिनिटे थांबते, तेवढ्यात ते चार्ज करावयाचे. आता दाराचे महत्त्व लक्षात येईल. संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळत. पाव तासात ०.६ वॅट-तास. पुरणार नाही! पण ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देणारी जोडणी असेल, तर १० वॅट गुणिले पाव तास म्हणजे २.५ वॅट-तास. त्यातील पाचवा हिस्सा उष्णतेत वाया गेला असे धरले, तरी २ उरतात. काम फत्ते!

पाहिलेत ना? सरासरी दिवसाचा हिशेब करून दार निवडले असते, तर आपण फसलो असतो. निवड करावयाची ती सर्वांत कठीण दिवसासाठी.

प्रत्येक दार म्हणजे एक भोकही

‘मग सगळ्याच प्रकारच्या खाचा देऊन टाकू या! कधी तरी उपयोगी पडतील,’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. घराला दहा दारे ठेवली तर काय होईल? ये-जा सोपी होईल, पण पाऊस, धूळ आणि उंदीरही तेथूनच येतील. यंत्राचे तसेच आहे. त्याच्या दारांना चार शत्रू आहेत.

पहिला शत्रू पाणी. आषाढातला पाऊस आणि हाताचा घाम. घामात क्षार असतात, म्हणून ते पाणी वीज वाहून नेते. ओली खाच तशीच चार्जरला लावली, तर धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये विद्युत-अपघटन सुरू होते आणि धन बाजूची पट्टी झिजू लागते. शेवटी दिलेला प्रयोग करून पाहिलात, तर हे तुम्हाला प्रत्यक्ष दिसेल.

दुसरा शत्रू धूळ. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवरची धूळ काय असते, हे तुम्हाला सांगावयास नको. पिन घालताना आपण ती धूळ आत ठासतो. मग पिन पुरती बसत नाही आणि आपण ती हलवून हलवून लावू लागतो.

पाणी आणि धूळ यांपासून यंत्र किती सुरक्षित आहे, हे दोन अंकांत सांगण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ‘आयपी ५४’ असे लिहिलेले असेल, तर पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे अपायकारक होईल इतकी धूळ आत जात नाही. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सोसते. ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. एखादा मोबाइल विकत घेताना हे अंक शोधून पाहा.

तिसरा शत्रू झीज. प्रत्येक वेळी पिन घातली-काढली, की धातूवर धातू घासतो. जुनी चौकोनी मोठी यूएसबी जोडणी सुमारे १,५०० वेळा घालण्या-काढण्यासाठी प्रमाणित असे. दिवसातून तीनदा वापरली तर ५०० दिवस, म्हणजे दीड वर्षही नाही. पुढे आलेल्या मायक्रो आणि सी प्रकारच्या जोडण्या १०,००० वेळांसाठी आहेत. तीनदा वापरली तर नऊ वर्षे झाली.

हा फरक कशाने पडला? त्यात एक सुंदर युक्ती आहे. जोडणीत एका बाजूला ताठ पट्टी असते आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर दाबून बसणारी लवचीक स्प्रिंग. लवकर थकते ती स्प्रिंग. मिनी यूएसबीत ती यंत्राच्या खाचेत होती. मायक्रोत आणि सी मध्ये ती केबलच्या टोकात नेली. आता थकायचे ते केबलने थकावे. शंभर-दोनशे रुपयांत नवी येते. महाग यंत्र वाचले! झीज टाळता येत नसेल, तर ती स्वस्त आणि बदलता येण्याजोग्या भागावर न्यावी, हा यंत्रशास्त्रातील मोलाचा धडा आहे.

चौथा शत्रू ओढ. तरफेचा नियम आठवा. केबलचे टोक पाच सेंटिमीटर बाहेर असेल आणि गाडीच्या हिसक्याने ते आडवे ओढले गेले, तर त्या लांबीच्या प्रमाणात खाचेवरचा ताण वाढतो. खाच आतून डाखाने मुख्य पाटीला चिकटवलेली असते. डाख तुटला, की संपूर्ण पाटीच बदलण्याची पाळी. म्हणून शहाणा रचनाकार खाच एका वेगळ्या छोट्या पाटीवर बसवतो आणि ती मुख्य पाटीला लवचीक पट्टीने जोडतो. खाच मोडली, तर तेवढाच तुकडा बदलावयाचा.

उमेदवारांची ओळख

आता निवडणुकीला उभ्या असलेल्या उमेदवारांकडे वळू.

गोल पिन : ही दणकट असते आणि कशीही फिरवून बसते. पण हिची मापे अनेक, व्होल्ट अनेक आणि आतले-बाहेरचे टोक धन की ऋण हेही कंपनीगणिक वेगळे. चुकीचा चार्जर लागला, तर यंत्र जळू शकते. शिवाय साध्या गोल पिनेतून माहिती जात नाही.

मोठी यूएसबी : हिचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यापूर्वी संगणकाला कळफलक वेगळ्या खाचेत, छपाईयंत्र वेगळ्या खाचेत अशी तऱ्हा होती. यूएसबीने हा गोंधळ संपवला. घरात पेन-ड्राइव्ह असेल, तर त्याच्या तोंडात डोकावून पाहा. चार पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन किंचित पुढे आलेल्या आणि आतल्या दोन मागे. बाहेरच्या विजेच्या, आतल्या माहितीच्या. म्हणजे घालताना आधी वीज जोडली जाते, मग बोलणे सुरू होते. काढताना आधी बोलणे थांबते, मग वीज तुटते. किती साधी आणि चोख व्यवस्था! परंतु हातातल्या यंत्राला ही खाच आकाराने मोठी आहे आणि पिन उलटी लावण्याचा प्रयत्न प्रत्येकाच्या हातून होतोच.

मायक्रो यूएसबी : २००७ मध्ये आली. लहान आणि पाच पट्ट्यांची. अनेक वर्षे बहुतेक मोबाइलांत हीच होती. पण हिलाही उलटसुलट बाजू आहे. अंधारात, घाईत, ओल्या हाताने ती जबरदस्तीने उलटी दामटली, की मोडते.

सी प्रकारची यूएसबी : २०१४ मध्ये आली. हिच्यात २४ संपर्क आहेत. १२ वर, १२ खाली. त्यांची मांडणी अशी आहे, की पिन कोणत्याही बाजूने घातली तरी चालते. भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये हिच्यासाठी भारतीय मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल, टॅब्लेट इत्यादी यंत्रांना हीच खाच सक्तीची केली. म्हणजे कोठेही गेलात, तरी हिची केबल कोणाजवळ तरी असणार. यात्रेच्या गर्दीत हा गुण लाखमोलाचा आहे.

शिवाय ही जोडणी ‘विचारून’ वीज देते. कशी ते पाहा. आपल्या यंत्रात एका संपर्कापासून ऋण टोकापर्यंत ५.१ किलोओहमचा रोध जोडलेला असतो. चार्जर आपल्या बाजूने ५ व्होल्टला एक रोध जोडतो. ५६ किलोओहम असेल तर ‘नेहमीइतकाच प्रवाह घ्या’, २२ असेल तर ‘१.५ अँपिअर घ्या’ आणि १० असेल तर ‘३ अँपिअर घ्या’. दोन रोध एकसरीत आले, की विभवांतराची वाटणी होते. १० किलोओहमच्या बाबतीत यंत्राला दिसणारे विभवांतर ५ गुणिले ५.१ भागिले १५.१, म्हणजे सुमारे १.७ व्होल्ट. बाकीची दोन उत्तरे तुम्ही काढा. एकही शब्द न बोलता, दोन रोधांवर हा संवाद होतो. पलीकडे हा रोध दिसला नाही, तर सी प्रकारच्या खाचेचा चार्जर मुख्य पट्टीवर वीज सोडतच नाही.

ओहमचा नियम, चहाच्या टपरीवर

आपण १० वॅटचा हिशेब केला खरा, पण तो कागदावरचा. केबल पातळ आहे आणि तिच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.२५ ओहम आहे, असे समजा. प्रवाह २ अँपिअर. तारेतच २ गुणिले ०.२५ म्हणजे अर्धा व्होल्ट खर्च झाला. यंत्रापर्यंत पोचले ४.५ व्होल्ट. हे चालून जाईल.

आता खाचेत धूळ बसली आणि संपर्काचा रोध आणखी ०.५ ओहमने वाढला. तेथे आणखी एक व्होल्ट खर्च. यंत्रापाशी ३.५ व्होल्टच उरले. लिथियमची बॅटरी पूर्ण भरावयास ४.२ व्होल्ट लागतात. साहजिकच एवढा प्रवाह आत जाऊ शकत नाही. चार्जिंग मंदावते किंवा थांबते. दुसरे असे, की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४ गुणिले ०.५ म्हणजे २ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत निर्माण होऊ पाहते. पिन बोटाला गरम लागते ती यामुळे. तेव्हा चार्जिंग होत नसेल, तर यंत्राला दोष देण्याआधी केबल आणि खाच तपासावी.

तार नकोच म्हटले तर?

‘आता सगळे बिनतारी झाले आहे, मग खाच हवीच कशाला?’ हा प्रश्नही योग्य आहे. तिकिटांच्या नोंदी मोबाइलच्या जाळ्यातून पाठवता येतात. प्रवाशाने पडद्यावरचा क्यूआर संकेत टिपून पैसे दिले, तर तेही त्याच वाटेने कळते. कार्ड यंत्राजवळ नुसते धरले, तरी आतील वेटोळ्यांमधून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार कंपनांच्या लहरींनी ते वाचता येते. यांतले एकही दार भोक पाडत नाही! जेथे स्पर्शाशिवाय काम होते, तेथे स्पर्श टाळावा हेच उत्तम.

पण यात्रेचा दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एका छोट्या शहरात लाखो मोबाइल. प्रत्येक मनोऱ्याची क्षमता ठरलेली. जाळे तुंबते, फोन लागत नाहीत. अशा वेळी यंत्राने नोंदी आपल्या स्मृतीत जपल्या पाहिजेत, जाळे मिळेल तेव्हा पाठवल्या पाहिजेत आणि नाहीच मिळाले, तर रात्री आगारात तारेने दिल्या पाहिजेत. बिनतारी मार्ग मुख्य आणि तार राखीव, अशी ही जोडी.

विजेचेही तसेच. बिनतारी चार्जिंगमध्ये दोन वेटोळी समोरासमोर नेमकी यावी लागतात आणि काही ऊर्जा उष्णतेत वाया जाते. हलत्या गाडीत आणि पंधरा मिनिटांच्या थांब्यात ते सोयीचे नाही.

आगारासाठी आणखी एक मार्ग आहे. यंत्राच्या पाठीला काही सपाट धातूच्या टिकल्या बसवावयाच्या आणि आगारात एक घडवंची ठेवावयाची. तिच्यात स्प्रिंगवर उभ्या टाचण्या असतात. यंत्र ठेवले, की टाचण्या टिकल्यांना टेकतात. घालणे-काढणे नाही, भोक नाही आणि टिकल्या फडक्याने पुसता येतात. मात्र एक धोका आहे. हे यंत्र नाण्यांच्या पिशवीशेजारी राहणार! एखादे नाणे दोन टिकल्यांवर आडवे पडले, तर मंडल लघुपरिपथित होईल. त्यावर उपाय म्हणजे बॅटरीची वीज टिकल्यांपर्यंत उलटी येऊ न देणारा डायोड आतून बसवणे. प्रवाह आत जाईल, बाहेर येणार नाही.

कोणासाठी, हे आधी ठरवा

दारांची निवड माणसांवर कशी अवलंबून असते, याचे आपल्याच देशातील एक उदाहरण सांगतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचा हातात मावणारा संगणक तयार केला. २००४ मध्ये तो बाजारात आला. त्याला यूएसबी तर होतीच, पण स्मार्ट कार्डासाठीही एक खाच होती. कशासाठी? कल्पना अशी, की खेड्यात एकेकाला स्वतंत्र संगणक परवडणार नाही. म्हणून यंत्र सर्वांचे आणि कार्ड ज्याचे त्याचे. आपले कार्ड घातले, की आपली माहिती समोर. सिंप्युटरचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. पुढे मोबाइल स्वस्त झाले आणि जो तो आपले यंत्र बाळगू लागला. पण त्या खाचेमागचा विचार आजही शिकण्यासारखा आहे. ती खाच यंत्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर होती.

आपला निर्णय

आता आपले यंत्र पुरे करू.

पहिले दार, सी प्रकारची एकच खाच. ती यंत्राच्या खालच्या कडेला, तोंड खाली करून. म्हणजे पाऊस तिच्यात साचणार नाही आणि वरून निघणाऱ्या तिकिटाला केबल आडवी येणार नाही. तिला आतून पाणीरोधक रबरी कडे. ती वेगळ्या छोट्या पाटीवर.

दुसरे दार, पाठीवरच्या टिकल्या. रोजचे चार्जिंग आणि हिशेब आगारात यांच्यावरून. त्यामुळे सी खाच रोज झिजणार नाही. ती अडीअडचणीला ताजी राहील. दोहोंपैकी एक बिघडले, तरी दुसरे आहेच.

सिमकार्डाची जागा आत, स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाखाली. कारण ते वर्षातून एखाद्या वेळीच काढावे लागते. कार्ड आणि क्यूआर यांसाठी भोक नाही. गाणी ऐकण्याची खाच नाही, मोठ्या पडद्याला जोडण्याची खाच नाही. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे, तर धावत्या एस.टी.त त्यांचे काम नाही म्हणून.

हा निर्णय एकमेव बरोबर आहे, असे मात्र समजू नका. तुमचा हिशेब वेगळा निघाला, तर तुमची दारे वेगळी असतील. मुद्दा एवढाच, की ‘काय काय जोडता येईल?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. कोणाच्या हातात, कोणत्या जागी, सर्वांत कठीण दिवशी काय लागेल आणि हे दार बंद पडले तर दुसरे कोणते उघडेल, असे विचारावे.

करून पाहा

एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ विरघळवा. तांब्याच्या दोन तारांची टोके खरवडून एकमेकींना न लागता पाण्यात सोडा. दुसरी टोके एकसरीत जोडलेल्या दोन बॅटरी-सेलना जोडा. दहा मिनिटे पाहत राहा. ऋण बाजूच्या तारेवर बुडबुडे दिसतील. धन बाजूची तार खराब होऊ लागेल आणि पाणी रंगीत, गढूळ होईल. ओल्या खाचेत हेच घडते. प्रयोग खिडकी उघडी ठेवून आणि शिक्षकांसमोर करा. घरातील विजेचा किंवा मोबाइलच्या चार्जरचा वापर मुळीच करू नका. नंतर पाणी फेकून द्या आणि हात धुवा.

विचार करा

१. चंद्रभागेच्या पाण्याची पातळी मोजून नोंद ठेवणारे एक यंत्र काठावरच्या खांबावर वर्षभर राहणार आहे. त्याला कोणती दारे द्याल?

२. २० वॅट शक्ती ५ व्होल्ट व ४ अँपिअरने पाठवली किंवा २० व्होल्ट व १ अँपिअरने पाठवली. त्याच केबलमध्ये उष्णतेने होणारी हानी किती पटीने बदलेल? शेतातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचा दाब इतका जास्त का ठेवतात, याचेही उत्तर तुम्हाला यातच सापडेल.

३. आपल्या घरातील सर्व चार्जर आणि केबल एकत्र करा. किती प्रकारची टोके निघाली? त्यांतली किती आज वापरात आहेत? वर्गात सर्वांच्या आकड्यांचा तक्ता करा आणि एकाच प्रकारचे प्रमाण का हवे, यावर चर्चा करा.